मायक्रोस्कोपखाली क्रांतिक बिंदू: मिथेनॉल-सायक्लोहेक्झेनची नळी आणि विदर्भाचा उन्हाळा

क्रांतिक बिंदू म्हटलं की पुस्तकात कार्बन डायऑक्साइड येतो. थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये त्याचाच अभ्यास मांडला होता. ३१ अंश सेल्सिअसच्या जरा वर द्रव आणि वायू यांतला फरक मिटतो, हे त्यातून कळलं. पण तिथे दाब लागतो सुमारे ७४ बार. जाड काचेची, दाब तपासलेली सेल नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेसाठी दुसरा रस्ता आहे: दोन द्रवांचं मिश्रण. ठरावीक तापमानाच्या वर दोन्ही द्रव एकजीव असतात, खाली गेलं की वेगळे होतात. त्या सीमेवरच्या एका बिंदूला मिश्रणाचा क्रांतिक बिंदू म्हणतात. दाब साध्या हवेचा आणि भौतिकी तीच. सहसंबंध लांबी, दुधाळपणा, मंदावलेली हालचाल, सगळं तिथे दिसतं.

इथे निवडलेली जोडी आहे मिथेनॉल आणि सायक्लोहेक्झेन. वजनाने मिथेनॉल २९ टक्के, सायक्लोहेक्झेन ७१ टक्के. कोरड्या मिश्रणाचं क्रांतिक तापमान ४५ ते ४६ अंशांच्या दरम्यान. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा याच आकड्यावर खेळतो. ही गंमत आहे आणि अडचणही, पुढे कळेलच. जोडी निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. २० अंशांना मिथेनॉलची घनता ०.७९, सायक्लोहेक्झेनची ०.७८. घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे वेगळे झालेले थर लगेच वर-खाली पळत नाहीत आणि मायक्रोस्कोपखाली नक्षी बघायला वेळ मिळतो. फ्रान्समध्ये गेनू, पेरो आणि बेसेन्स यांनी १९८० च्या दशकात हीच जोडी वापरली होती. उरलासुरला फरकही जावा म्हणून त्यांनी सायक्लोहेक्झेनचा थोडा भाग ड्युटेरियमवाला (जड हायड्रोजनचा) घेतला होता. आपल्याला तेवढ्याची गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामात मायक्रोस्कोप ही सगळ्यात सोपी वस्तू आहे. बायोलॉजीच्या प्रयोगशाळेतला साधा १० पट वस्तुभिंगाचा चालतो. पैसा, वेळ आणि डोकं खर्च करायचं ते तापमानावर.

किती जवळ जायचं आहे?

सहसंबंध लांबी म्हणजे द्रवात ‘इथे मिथेनॉल जरा जास्त, तिथे जरा कमी’ अशा चढउतारांचा पल्ला. क्रांतिक तापमानापासून अंतर कमी होत गेलं की ती ०.६३ या घातांकाने वाढते. या मिश्रणाचा मूळ आकडा सुमारे ०.३२ नॅनोमीटर धरला, तर हिशोब असा येतो: १ अंश दूर असताना १२ नॅनोमीटर, ०.१ अंशावर ५२, ०.०१ अंशावर २२०, आणि ०.००१ अंशावर, म्हणजे एका मिलिकेल्विनवर, ९४० नॅनोमीटर.

१० पट, ०.२५ न्यूमेरिकल ॲपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं, त्याचा आकडा) भिंगाला १.१ मायक्रॉनपेक्षा बारीक वेगळं दिसत नाही. म्हणजे सहसंबंध लांबी थेट डोळ्याने बघायची तर एका मिलिकेल्विनच्या आत शिरावं लागेल. ते नवख्याचं काम नाही. पण हातपाय गाळायचं कारण नाही, कारण बघण्यासारख्या दोन गोष्टी याच्या अलीकडेच आहेत. एक, तापमान सीमेखाली उतरवल्यावर उमटणारी नक्षी. ती काही सेकंदांत दहा-वीस मायक्रॉनची होते. दुसरी, सीमेच्या वर राहून चढउतारांचा वेग मोजणं, त्याला ०.१ अंशापर्यंत गेलं तरी पुरतं.

द्रव: कोरडे हवेत, म्हणजे खरंच कोरडे

दोन्ही द्रव ॲनालिटिकल ग्रेडचे घ्या. नागपूर किंवा अमरावतीच्या सायंटिफिकच्या दुकानात अर्ध्या लिटरच्या बाटल्या मिळतात. खरा शत्रू पाणी. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाण्याचा अंश आला की क्रांतिक तापमान वर सरकतं, तेही चांगलंच. १९३० मध्ये जोन्स आणि ॲमस्टेल यांनी तर हेच उलटं वापरून मिथेनॉलमधलं पाणी मोजायची पद्धत सांगितली होती. त्यामुळे पुस्तकातला ४५.५ चा आकडा तुमच्या नळीत ४७ आला तर थर्मामीटरला दोष देण्याआधी बाटलीकडे बघा.

मिथेनॉल ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सिव्हवर (अतिबारीक छिद्रांत पाणी शोषून घेणारे दाणे) दोन दिवस ठेवा. ४ अँगस्ट्रॉमची घेऊ नका, तिच्या छिद्रांत मिथेनॉल स्वतःच शिरतं. सिव्ह आधी ३०० अंशांना तीन-चार तास भाजून घट्ट झाकणात गार करायची. सिव्हची पूड द्रवात उतरते आणि नंतर मायक्रोस्कोपखाली काळे ठिपके होऊन बसते, म्हणून वरचा निवळ भाग टेफ्लॉनच्या ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून घ्या.

बाटली कधी उघडायची, हेही ठरलेलं असू द्या. पावसाळ्यात नको. आणि उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीत तर अजिबात नको. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते, पण कूलर तीच हवा ओल्या वाळ्यातून ओढून आत फेकतो. नेमकी ती बाटलीत जाते. कूलर बंद करा, अर्धा तास थांबा, मग झाकण काढा.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण वगळू नका. मिथेनॉल विष आहे. १० मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. ते पाण्याच्या, थंड पेयाच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही ओतायचं नाही. मोहाची दारू ज्या भागात घरोघरी ओळखीची आहे, तिथे बिनलेबलची पांढरी बाटली म्हणजे अपघाताची तयारीच. सायक्लोहेक्झेनची वाफ उणे २० अंशांनाही पेटू शकते, म्हणून मूळ बाटल्या आणि ज्योत एका खोलीत नकोत. बाटल्यांचं कपाट पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

मिश्रण

१० ग्रॅमसाठी २.९० ग्रॅम मिथेनॉल आणि ७.१० ग्रॅम सायक्लोहेक्झेन. मिलिग्रॅमचा काटा नसेल तर १० मिलिग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटाही चालतो. १० ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅमची चूक म्हणजे ०.१ टक्का. मापाने घ्यायचं म्हणाल तर ३.६७ आणि ९.११ मिलिलिटर येतं, पण ते २० अंशांचं माप आहे. ४० अंशांच्या खोलीत द्रव फुगलेले असतात. वजनावरच भरवसा ठेवा.

एकच प्रमाण करू नका. २७, २८, २९, ३० आणि ३१ टक्के, अशा पाच छोट्या बाटल्या करा. नेमकं क्रांतिक प्रमाण तुमच्या द्रवांच्या शुद्धतेवर थोडं हलतं आणि पाचांपैकी एक तरी लागू पडते.

नळी भरणं आणि बंद करणं

बहुतेकांचं पहिलं काम इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

नळी म्हणून द्रवणांक काढायच्या काचेच्या केशनळ्या घ्या: १० सेंटिमीटर लांब, आतून साधारण १ मिलिमीटर, एक टोक बंद. बोरोसिलिकेट मिळाल्या तर उत्तम. ॲसिटोनने, मग मिथेनॉलने धुवून ११० अंशांना वाळवा.

आता सापळा ऐका. खोली ३० अंशांना असेल तर बाटलीतलं मिश्रण दोन थरांत बसलेलं असतं. हलवून लगेच सुई बुडवली तरी जे ओढलं जातं ते २९ टक्क्यांचं नसतं, या नाहीतर त्या थराचं जास्त असतं. म्हणून बाटली घट्ट बंद करून ५० अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, हलवा, आरपार स्वच्छ दिसलं पाहिजे. काचेची सिरिंजही कापडात गुंडाळून त्याच तापमानाला आणा. प्लॅस्टिकच्या सिरिंजचं रबर सायक्लोहेक्झेन विरघळवून आत घेतं, ती नको. सुई लागते लांब. मेडिकलमध्ये २५ गेजची, ९० मिलिमीटरची स्पायनल नीडल मिळते, ती केशनळीच्या तळापर्यंत जाते. सिरिंजमध्ये पांढुरका ढग दिसला तर द्रव बाटलीत परत सोडा, गरम करा, पुन्हा घ्या. मे महिन्याच्या दुपारी हा त्रास जवळपास नसतो, खोलीच ४४ अंशांना असते. पण मग दुसरं लक्षात ठेवा: उघड्या बाटलीतून मिथेनॉल त्याच्या वाट्यापेक्षा जास्त उडतं. झाकण काढून मिनिटभर गप्पा मारल्या की प्रमाण बदललं.

तळापासून २० मिलिमीटर भरा. अजिबात जास्त नाही. द्रव गरम झाल्यावर फुगतो. वर मोकळी जागा नसेल तर नळी तडकते.

लगेच नळीचा खालचा ४० मिलिमीटरचा भाग बर्फाच्या पाण्यात धरा आणि तळापासून ६० मिलिमीटरवर बारीक ब्युटेन ज्योत लावा. नळी बोटांत फिरवत राहा, काच मऊ झाली की वरचा भाग हळूच ओढा. बारीक होऊन आपोआप बंद होते. टोकाला मणी जमेपर्यंत ज्योत ठेवा. गार नळी उघडी ठेवून दुसऱ्या कामाला लागलात तर हवेतला दमटपणा आत दव होऊन उतरतो आणि पुन्हा पाण्याचीच गोष्ट. भरणं ते बंद करणं, दोन मिनिटांत. डोळ्यावर चष्मा हवाच.

एक सूचना द्रव नायट्रोजनबद्दल. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी तो असतो आणि ‘त्यात बुडवून बंद करू’ ही कल्पना कुणालातरी सुचतेच. उघड्या नळीत हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन जमतो. खाली सेंद्रिय द्रव, वर द्रव ऑक्सिजन आणि बाजूला ज्योत. करू नका. बर्फ पुरतो.

तयार नळ्या एक रात्र ५५ अंशांच्या पाण्यात उलट्या ठेवा. द्रवाची पातळी आधी खुणेने नोंदवा. सकाळी पातळी हलली असेल तर टोक गळतं आहे, ती नळी बाद.

बीकरमधली परीक्षा

मायक्रोस्कोपकडे जाण्याआधी नळ्या थर्मामीटरसोबत पाण्याच्या बीकरमध्ये उभ्या बांधा. ५० अंशांपर्यंत न्या, मग बीकर कापडात गुंडाळून सावकाश गार होऊ द्या. कुठल्या नळीत किती अंशांना ढग येतो ते लिहा. ढग आल्यावर तापमान ०.१ ते ०.२ अंश खाली थांबवून धरा आणि दोन थरांमधली रेघ कुठे बसते ते बघा. प्रमाण बरोबर असेल तर रेघ द्रवाच्या मधोमध. खालचा थर मिथेनॉलचा. तो मोठा असेल तर मिथेनॉल जास्त झालं. पाचांपैकी ज्या नळीत रेघ मध्याशी, ती कामाची.

दोन थर वेगळे होण्याआधीच्या अर्ध्या-एक अंशात नळीकडे आडव्या उजेडात बघा. आधी निळसर झाक येते, मग पाणी घातलेल्या दुधासारखं दिसतं. उजेडासमोर धरलं तर तीच नळी पिवळट-तांबूस दिसते, मावळत्या सूर्यासारखी, आणि कारणही तेच आहे: निळा प्रकाश जास्त विखुरतो. या दुधाळपणाचं स्पष्टीकरण स्मोलुकोव्स्कीने १९०८ मध्ये आणि आइन्स्टाइनने १९१० मध्ये दिलं. मायक्रोस्कोपमध्ये हे फिकं दिसतं, म्हणून आत्ताच डोळे भरून बघून घ्या.

ठोकळा आणि पेटी

लेथवाल्याकडून ६० × ४० × १२ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घ्या. वरून साधारण २ मिलिमीटर खोल खोबणी, नळी लांबीत आडवी बसेल अशी. मध्ये ८ मिलिमीटरचं आरपार भोक, उजेडासाठी. भोकाच्या खाली कव्हरस्लिप सिलिकॉनने चिकटवा, नळी ठेवा, ग्लिसरिन भरा, वरून दुसरी कव्हरस्लिप. ग्लिसरिन दोन कामं करतं: उष्णता पोचवतं आणि काचेचा अपवर्तनांक जुळवून घेतं. ग्लिसरिनचा १.४७, बोरोसिलिकेट काचेचाही तेवढाच. ते नसेल तर गोल नळी भिंगासारखी वागते आणि सगळं ताणलेलं दिसतं. आतला द्रव १.३९ च्या आसपास असल्यामुळे थोडी वक्रता उरतेच, म्हणून फोकस नळीच्या मधल्या रेषेवर ठेवा, कडांवर काही मोजू नका. ४० पटीचं भिंग इथे उपयोगाचं नाही, त्याला काचेपासून अर्ध्या मिलिमीटरवर यावं लागतं. नळीच्या मध्यापर्यंत ते पोचतच नाही.

तापमान मोजायला १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध कमी होणारा), ठोकळ्यात भोक पाडून थर्मल पेस्टमध्ये बसवलेला. बीटा (रोध तापमानाने किती झपाट्याने बदलतो तो आकडा) ३९५० चा असेल तर ४५.५ अंशांना तो सुमारे ४.२६ किलोओहम दाखवतो आणि एका अंशाला १६६ ओहम बदलतो, म्हणजे एका मिलिकेल्विनला ०.१७ ओहम. हे साध्या मल्टिमीटरचं काम नाही. व्हीटस्टन ब्रिज (चार रोधांची जोडणी, रोधातला बारीक फरक व्होल्टेजमध्ये दाखवते) करा, बाकीचे रोध ४.३ किलोओहमच्या जवळपासचे, आणि ब्रिजचं व्होल्टेज एडीएस १११५ या १६ बिटच्या मोड्यूलने वाचा. ३.३ व्होल्टच्या ब्रिजला मिलिकेल्विनमागे सुमारे ३२ मायक्रोव्होल्ट मिळतात. मोड्यूलच्या सगळ्यात बारीक पट्टीवर ते चार अंक होतात. पुरेसं आहे.

आता एक दगा, जो महिनाभर लक्षात येत नाही. ब्रिजचे रोधही तापमानाने बदलतात. नेहमीचा १०० पीपीएमचा (अंशामागे दहा लाखांत १०० भाग बदलणारा) रोध घेतला आणि खोली पहाटेपासून दुपारपर्यंत १० अंश तापली, तर मोजमाप पंचवीसेक मिलिकेल्विन सरकतं. ठोकळा जागेवर असतो, आकडा चालत असतो. २५ पीपीएमचे रोध घ्या आणि तेही पेटीच्या आतच बसवा.

हीटर म्हणून ४७ ओहमचे वायरवाउंड रोध, १२ व्होल्टवर सुमारे ३ वॅट देतात. एकच लावू नका. दोन छोटे, दोन टोकांना. एकाच बाजूने तापवलं तर नळीच्या दोन टोकांत काही मिलिकेल्विनचा फरक राहतो आणि ढग एका टोकाकडून सरकत येतो. तसं दिसलं की समजायचं, हीटरची वाटणी चुकली. नियंत्रण अर्डुइनो (छोटा संगणक-बोर्ड) आणि मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच), साधा पीआय लूप, म्हणजे तापमानातली चूक बघून हीटर कमी-जास्त करणारा प्रोग्राम. ६० अंशांचा थर्मल फ्यूज हीटरच्या मालिकेत टाकाच.

सगळ्या मायक्रोस्कोपच्या स्टेजभोवती औषधांच्या पार्सलची थर्माकोल पेटी कापून बसवा, आयपीस फक्त बाहेर. पेटीत १० वॅटचा हीटर आणि कॉम्प्युटरचा छोटा पंखा, तापमान ४२ ते ४३ अंश, अर्ध्या अंशाच्या आत. ठोकळा स्टेजवर थेट ठेवू नका, खाली ५ मिलिमीटरचा बेकेलाइट किंवा बूच. पेटी नसेल तर वस्तुभिंगाचा पितळी नळकांडाच ठोकळ्यातली उष्णता ओढत बसतो.

वीज १२ व्होल्टच्या बॅटरीवरूनच घ्या, चार्जर जोडून. भारनियमन, डीपीचा बिघाड, शेतीपंप चालू होताच पडणारं व्होल्टेज, यांतल्या कशालाही सेटिंग कळता कामा नये. लाइट गेला आणि ठोकळा दोन अंश पडला की त्या दिवसाचं काम संपलं, कारण थर वेगळे होतात आणि पुन्हा एकजीव करायला वेळ लागतो.

हा हीटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. म्हणून खोली ठोकळ्यापेक्षा निदान पाच-सात अंशांनी गार हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात काम करायचंच तर पहाटे तीन ते सात. दुपारी खोली ४४ ला गेली की लूप बंद पडल्यासारखा होतो, हीटर शून्यावर आणि तापमान तरी वर.

उजेड

हॅलोजन दिवा काढून टाका. तो नळी तापवतो आणि किती तापवतो ते थर्मिस्टरला कळत नाही. १ वॅटचा एलईडी, डीसीवर, मंद. तपासणी सोपी आहे: उजेड दुप्पट करा आणि ढग येण्याचा आकडा सरकतो का ते बघा. सरकला तर अजून मंद करा. कंडेन्सरचं (स्टेजखालचं उजेड एकवटणारं भिंग) ॲपर्चर जवळजवळ बंद ठेवा. अपवर्तनांकातला फरक हजारांशांत असतो, पूर्ण उघडलं तर सगळं पांढरंफटक दिसतं.

क्रांतिक तापमान शोधणं

आकडा अंशांत शोधू नका, ब्रिजच्या अंकांत शोधा. थर्मिस्टर खरं तापमान अर्धा अंश चुकीचं सांगत असेल तरी बिघडत नाही; आपल्याला हवं ते याच नळीच्या, याच थर्मिस्टरवरच्या आकड्यापासूनचं अंतर.

बीकरमध्ये मिळालेल्या तापमानाच्या अर्धा अंश वरून सुरू करा. ०.०५ अंशांच्या पायऱ्यांनी उतरा, प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं. फोकसमधलं मैदान रवाळ दिसू लागलं, रवा जागच्या जागी चमचमतोय असं वाटलं, की पायरी ०.०१ वर आणा. नक्षी उमटली तो अंक लिहा, वर जाताना ती विरघळली तो अंक लिहा, मधला अंक तुमचा क्रांतिक बिंदू. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. पाच-दहा मिलिकेल्विनचा फरक चालेल. रोज एकाच दिशेने सरकत असेल तर नळी गळते आहे किंवा ब्रिज सरकतो आहे. दुसरी बंद नळी लावून बघितलं की कोण दोषी ते कळतं.

नक्षी

क्रांतिक अंकाच्या २० मिलिकेल्विन वर पंधरा मिनिटं थांबा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू करा, मग सेटिंग ४० मिलिकेल्विनने खाली. ठोकळा तेवढा गार व्हायला दहा-पंधरा सेकंद घेतो. केशनळी पाठोपाठ अर्ध्या सेकंदात.

प्रमाण बरोबर असेल तर गोल थेंब दिसत नाहीत. आधी मैदानावर बारीक सुरकुती येते, मग वाकड्यातिकड्या, एकमेकींत शिरलेल्या पट्ट्या, कुठली कुठे सुरू झाली आणि कुठे संपली सांगता येत नाही. पट्ट्या जाड होत जातात, मध्येच एखादी तुटते आणि तिचं टोक झटकन मागे ओढलं जातं. प्रमाण चुकलेलं असेल तर त्याऐवजी सुटे गोल थेंब येतात. म्हणजे ही नक्षी प्रमाणाची दुसरी परीक्षाही आहे.

मोजायचं कसं? १, २, ४, ८, १६ सेकंदांच्या फ्रेम काढा, प्रत्येकीवर एक आडवी रेघ मारा, ती किती कडा ओलांडते ते मोजा. रेघेची लांबी भागिले कडा, ही पट्टीची सरासरी जाडी. सुरुवातीला जाडी काळाच्या एक-तृतीयांश घाताने वाढते, पुढे काळाच्या थेट प्रमाणात. पृष्ठताणामुळे पट्ट्यांतला द्रव वाहू लागतो म्हणून पुढचा वेग वाढतो. हे सिग्गियाने १९७९ मध्ये दाखवलं. काचेलगतचं मोजू नका. मिथेनॉलचा थर काचेला चिकटतो आणि तिथलं चित्र वेगळंच असतं.

मग पुन्हा एकजीव करायचं, आणि इथे नळी आडवी असण्याचा मोठा फायदा आहे. नळी १ मिलिमीटरची असल्याने तिरपी करून द्रव हलत नाही, बुडबुडा जागीच अडकतो. मिसळणं होतं ते फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाऊन. क्रांतिक तापमानाच्या ०.१ अंश वर ठेवून वाट पाहिली तर मिलिमीटरभर थर मिसळायला तीन-चार तास जातात, कारण तिथे विसरणच मंदावलेलं असतं. तेच ७ अंश वर नेलं तर वीसेक मिनिटांचं काम. पाऊण तास द्या. आणि नळी उभी ठेवून थर बसू दिले असतील तर अंतर २० मिलिमीटरचं होतं, मग त्याच कामाला दिवस लागतात. उभी ठेवलेली नळी थेट ठोकळ्यात घालून ‘आज काहीच नीट दिसत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

वर राहून वेग मोजणं

नक्षीपेक्षा हे कमी देखणं आणि जास्त उपयोगाचं. क्रांतिक अंकाच्या ०.१ अंश वर थांबा, सेकंदाला ३० फ्रेमने दोन मिनिटं चित्रीकरण करा आणि एक फ्रेम दुसरीतून वजा करा. स्थिर धूळ, काचेचे ओरखडे निघून जातात आणि उरतो तो फक्त चढउतारांचा रवा. किती काळाच्या अंतरावरच्या फ्रेम एकमेकींना अनोळखी होतात, ते मोजायचं. सेर्बिनो आणि त्राप्पे यांनी २००८ मध्ये ही पद्धत मांडली. संगणकावर फूरिये रूपांतर करणाऱ्या कुठल्याही मोफत प्रणालीत ती बसते.

मिश्रणाची श्यानता (वाहताना होणारा अंतर्गत विरोध) ०.६ मिलिपास्कल-सेकंद धरून सुमारे ६ मायक्रॉन तरंगलांबीच्या चढउताराचा काळ असा येतो: १ अंश वर ०.०३ सेकंद, ०.१ अंश वर ०.१३, ०.०१ अंश वर अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढे. पहिला आकडा ३० फ्रेमच्या कॅमेऱ्याला पकडता येत नाही, बाकीचे दोन आरामात. क्रांतिक बिंदूजवळ सगळं मंदावतं असं वर्गात सांगतात, ते हे. टेबल मात्र जड हवं. पंखा, कूलर आणि बाहेरून जाणारा ट्रॅक्टर, तिन्ही या वजाबाकीत स्पष्ट दिसतात.

नळ्या ठेवणं

फुटलेल्या नळ्यांचा आणि उरलेल्या मिश्रणाचा निचरा नालीत किंवा विहिरीच्या बाजूला नको. झाकणाच्या काचेच्या बाटलीत जमा करून कॉलेजच्या रसायन विभागाच्या टाकाऊ द्रावकांत द्या. चांगल्या नळ्यांवर प्रमाण, बंद केल्याची तारीख आणि पहिल्या दिवशी सापडलेलं तापमान डायमंड पेन्सिलने कोरा, मार्करची शाई ग्लिसरिन आणि मिथेनॉलच्या बोटांनी पुसली जाते. उन्हाळ्यात एकाच प्रमाणाच्या नळ्या एका रबरबँडमध्ये बांधून गरम खोलीत उभ्या टांगून ठेवल्या तर त्या स्वतःच तपासणी करून देतात. पारा ४६ च्या पुढे गेला की दुपारी मधली रेघ एकेका नळीतून पुसट होत नाहीशी होते. सगळ्यांची गेली आणि एकीची तशीच टिकली, तर त्या नळीत पाणी शिरलं आहे. ती तिथूनच बाजूला काढा.